मेल तुमच्याच आयडीवरून आला होता : कारखानदार संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय अध्यक्षसाहेब, सेक्रेटरीसाहेब आणि सर्व संचालक,
कारखानदार संघटना, सोलापूर

नमस्कार,

तुमच्या परिपत्रकात लिहिलंय की सदस्यांनी आपल्या कॉम्प्युटर ऑपरेटरना अनोळखी ईमेल न उघडण्याबाबत सक्त ताकीद द्यावी, ऑपरेटरच्या निष्काळजीपणामुळे होणाऱ्या नुकसानीस संघटना जबाबदार राहणार नाही. ते वाचल्यापासून मला गप्प बसवेना, म्हणून हे पत्र ऑफिसात आणून न देता सगळ्यांसमोर लिहितेय. संघटनेचं नाव मुद्दाम घेत नाही, ज्यांनी वाचायला पाहिजे त्यांना बरोबर कळेल, आणि खरं सांगायचं तर पतसंस्था, शाळा, ट्रान्सपोर्टवाले, टॅक्सची ऑफिसं अशी गावातली कितीतरी ठिकाणं आहेत जिथं थोड्याफार फरकानं हेच चाललंय, त्यांनीही वाचावं.

मी अकाउंटंट आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले काही टॉवेल-चादरीचे कारखाने आणि अशोक चौकाकडचा एक युनिफॉर्मवाला यांची टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), जीएसटी, ई-वे बिलं, एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. तिथं बसून एन्ट्री करणाऱ्या बहुतेक मुली पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, कोणी बारावी कोणी बीकॉम, काहींच्या आया अजून विड्या वळतात. यातल्या बऱ्याच जणींना काम मी शिकवलंय, त्यामुळे त्यांच्यावर आळ आला की तो मला लागतो, हे आधीच सांगून टाकते.

आता झालं काय ते सांगते, कारण परिपत्रकात त्यातलं काहीच नाही. प्रदर्शनाच्या स्टॉलबद्दल कारखान्याची आणि तुमच्या ऑफिसची मेलवर बोलणी चालू होती, पैसे कधी भरायचे, कोपऱ्यातला स्टॉल मिळेल का वगैरे. त्याच मेलला उत्तर म्हणून तुमच्याच आयडीवरून मेल आला, खाली आधीचा सगळा पत्रव्यवहार जसाच्या तसा, वर दोनच ओळी की सुधारित यादी जोडली आहे, आजच तपासून कळवा. सोबत झिप फाईल आणि पासवर्ड मेलमध्येच दिलेला. मुलीनं झिप उघडली, आत पीडीएफचं लाल चिन्ह असलेली फाईल, नावाच्या शेवटी डॉट पीडीएफ. डबल क्लिक केल्यावर एक काळी विंडो आली आणि लगेच गेली, यादी काही उघडली नाही. परत क्लिक केलं, परत तेच. फाईल खराब आली असेल म्हणून ती बिलं करायला बसली, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर तिचा मला फोन, "मॅडम, टॅलीत कंपनीच दिसंना, आणि फोल्डरमधल्या फायलींची नावं आपोआप बदलायलीत, मी बघायलेय तोवर बदलायलीत."

नेटची वायर उपस म्हणून मी फोनवरच ओरडले, पण तोपर्यंत शेअर केलेला डी ड्राइव्ह गेला होता आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह कायम मशीनलाच लावलेला असायचा, तोही गेला. प्रत्येक फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाईल ठेवलेली, पैसे भरा, मग किल्ली देतो. जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नची ११ तारीख तोंडावर होती. बिलबुकावरून सगळी बिलं परत टाकावी लागली, न्हावाशेव्याला जाणाऱ्या कंटेनरची पॅकिंग लिस्ट पॅकिंग खात्यातल्या वहीवरून नव्यानं बनवली, आणि जुने कितीतरी हिशोब अजून मिळालेले नाहीत. मालकांनी पैसे भरले नाहीत हे चांगलं केलं, कारण पैसे भरूनही फायली परत मिळतीलच याची खात्री कोणी देत नाही. युरोपोल ही युरोपातली पोलीस यंत्रणा आणि नेदरलँडचे पोलीस यांनी २०१६ मध्ये काही अँटीव्हायरस कंपन्यांना सोबत घेऊन नो मोअर रॅन्सम नावाची साइट काढलीय, तिथं काही प्रकारच्या व्हायरसच्या किल्ल्या फुकट मिळतात, आमच्यावाल्याची तिथं नव्हती.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार अशी की तुमचं मशीन बिघडलंय हे तुम्हाला आधीच माहीत होतं. त्या दिवशी सकाळीच एका सदस्यानं ऑफिसला फोन करून विचारलं होतं की हा मेल तुम्हीच पाठवलाय का, त्यांना उत्तर मिळालं की "कॉम्प्युटरला जरा प्रॉब्लेम आहे, माणूस बोलावलाय". म्हणजे सकाळी कळलेलं होतं आणि आमची फाईल उघडली गेली ती दुपारी. मधल्या वेळात संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक ओळ टाकली असती, "आमच्या आयडीवरून आलेली झिप कोणीही उघडू नका", तर आमचा डेटा आज जागेवर असता, आणि नुसता आमचाच नाही, इतरही काही सदस्यांना तो मेल गेलाय हे मला नंतर कळलं, पण नावं ते सांगत नाहीत कारण बाजारात बोभाटा नको. सर्ट-इन ही केंद्र सरकारची यंत्रणा आहे, तिनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या आदेशात कंपन्यांना आणि सरकारी ऑफिसांना सांगितलंय की असा प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत आम्हाला कळवा. सहा तास का, तर पुढचा माणूस वाचावा म्हणून. तुम्ही सदस्यांना कळवलं ते परिपत्रकानं, सगळं होऊन गेल्यावर, आणि त्यातही तुमचा आयडी वापरला गेला हे लिहिलंच नाही.

लपवल्यानं अब्रू राहते असं वाटत असेल तर एक उदाहरण देते. जुलै २०२४ च्या शेवटी सी-एज या बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे अशाच फायली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसचा, हल्ला झाला आणि देशभरातल्या ३०० च्या आसपास लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचे पैशाचे व्यवहार अडकले. तेव्हा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं ३१ जुलैला जाहीर सांगितलं की आम्ही या कंपनीला आमच्या सिस्टिमपासून तोडतोय, तिच्यावर चालणाऱ्या बँकांचे ग्राहक अडकतील, आणि तपासणी करून दुसऱ्या दिवशी परत जोडलं. लोकांची गैरसोय झाली, पण कोणी अंधारात राहिलं नाही. आपल्याकडे कोण बघतंय, आपण लहान माणसं, असं जे मीटिंगमध्ये बोललं जातं त्यालाही हेच उत्तर आहे. एका ठिकाणावर शेकडो लहान लहान लोक अवलंबून असले की ते एक ठिकाणच त्यांचं दार होतं, आणि आमच्यासाठी ते दार म्हणजे तुमचं ऑफिस.

दुसरी तक्रार परिपत्रकातल्या सल्ल्याबद्दल. अनोळखी मेल उघडू नका हा सल्ला आज पुरत नाही आणि तो २५ वर्षांपूर्वीही पुरत नव्हता. १९९९ चा मेलिसा व्हायरस वर्डच्या फाईलमधून यायचा आणि उघडणाऱ्याच्या आउटलुकमधल्या पहिल्या ५० पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून निघालेला आय लव्ह यू तर ॲड्रेस बुकमधल्या सगळ्यांनाच जायचा. ओळखीच्या माणसाकडून आलाय म्हणूनच लोकांनी तो उघडला आणि जगभरातल्या कितीतरी ऑफिसांचे मेल बंद पडले. त्या फाईलच्या नावात शेवटी टीएक्सटी दिसायचं, पण खरं शेपूट त्याच्यापुढे होतं, डॉट व्हीबीएस, आणि विंडोज ते लपवत होतं. साहेब, विंडोज ते अजूनही लपवतं! आमच्या मुलीला जी डॉट पीडीएफ दिसली तिचं खरं शेपूट डॉट ईएक्सई होतं, म्हणजे तो कागद नव्हताच, प्रोग्राम होता, आणि त्याला पीडीएफचं लाल चिन्ह चिकटवलेलं होतं. फाईल एक्सप्लोररमध्ये व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक केली की हे शेपूट दिसायला लागतं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण मी ज्या ज्या कारखान्यात जाते तिथं ती टिक आधी कोणीच केलेली नसते. जुन्या मेलच्या उत्तरात घुसून फाईल पाठवायची युक्ती तर इमोटेट नावाच्या व्हायरसनं कधीच जगभर वापरून झालीय, चोरलेले जुने मेल खाली जोडायचे आणि वर फाईल. जानेवारी २०२१ मध्ये युरोपोल आणि अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून त्याचं जाळं बंद पाडलं तर त्याच वर्षी नोव्हेंबरात तो परत आला. इतक्या तयारीनं येणाऱ्या मेलसमोर एका मुलीला एकटीला उभं करायचं आणि ती फसली की निष्काळजी म्हणायचं, हे मला पटत नाही. फायली उघडणं हे तिचं कामच आहे. बायरची पर्चेस ऑर्डर, यार्नवाल्याचं बिल, कस्टमच्या एजंटचं चेकलिस्ट, बँकेचं ॲडव्हाइस, दिवसभर हेच येतं आणि उघडलं नाही तर तिला त्याचाही ओरडा बसतो.

तिसरी गोष्ट, आणि ही लिहिताना मला राग येतोय पण शब्द जपून वापरते. झिप उघडून पासवर्ड टाकायची सवय या मुलींना कोणी लावली? सदस्यांच्या याद्या, वर्गणीचे तक्ते, सगळं पासवर्डवाल्या झिपमध्ये तुमच्याच ऑफिसकडून येत होतं आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये असायचा. अशानं काहीच सुरक्षित होत नाही, उलट मेल तपासणाऱ्या सिस्टिमला कुलूपबंद झिपच्या आतलं दिसत नाही म्हणून चोरटे नेमकी हीच पद्धत वापरतात. आणि माहिती भरायची तुमची ती एक्सेल फाईल, जिच्याबरोबरच्या सूचनांमध्ये लिहिलेलं की लाल पट्टी आली तर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करा, तरी नाही चाललं तर अँटीव्हायरस पाच मिनिटं बंद ठेवा. ती लाल पट्टी मायक्रोसॉफ्टनं २०२२ मध्ये आणली, नेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो, म्हणजे एक्सेल-वर्डच्या फाईलच्या आत बसवलेले छोटे प्रोग्राम, आपोआप अडवायला, कारण मॅक्रोमधून इतकी वर्षं इतके व्हायरस आले होते. मॅक्रो अडवले म्हटल्यावर चोर आयएसओ फायलींवर गेले, शॉर्टकट फायलींवर गेले, वननोटवर गेले, म्हणजे ती पट्टी त्यांना खरोखर नडत होती. आणि आपण आपल्या मुलींना लेखी शिकवलं की ती पट्टी आली की काढून टाकायची. आमच्याकडे जी फाईल आली तिला मॅक्रो लागला नाही हे खरं, पण अशा सूचना पाळून तयार झालेला हात कुठलीही सूचना दिसली की क्लिक करतो.

तुमच्या ऑफिसच्या मेलचा पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेल्या कागदावर आहे, फॉर्म द्यायला आलेला कोणीही तो वाचू शकतो. मोबाईलवर कोड येणारं टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावलेलं नाही, कारण आयडी चार जण वापरतात आणि कोड कोणाच्या मोबाईलवर घ्यायचा यावर एकमत होत नाही, हे मला ऑफिसातूनच सांगितलं गेलं. मशीनवर विंडोज १० आहे, त्याचा फुकट सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यावर जास्त लिहीत नाही, दुरुस्त करायला एक दुपार पुरते.

फायली लॉक करणारा व्हायरस निदान लगेच कळतो तरी, मला जास्त भीती दुसऱ्या प्रकाराची वाटते. एजंट टेस्लासारखे प्रोग्राम बरेचदा कोटेशन किंवा पर्चेस ऑर्डर म्हणून येतात आणि काहीच बिघडवत नाहीत, नुसते बसून राहतात, कीबोर्डवर काय टाइप होतंय ते आणि सेव्ह केलेले पासवर्ड उचलून बाहेर पाठवतात. मग चोर महिनोन्‌महिने कारखान्याचा मेल वाचतो, बायरशी काय रेट ठरला, कंटेनर कधी निघणार सगळं त्याला माहीत असतं, आणि पैसे यायच्या वेळेला बायरला कारखान्याच्याच नावानं मेल जातो की आमचा बँक अकाउंट बदललाय, नवीन नंबर जोडलाय. टॉवेल गेले, पैसे तिसऱ्याच्याच खात्यात. तुमच्या आयडीवरून कोणाकोणाला काय गेलंय हे तुम्ही सांगत नाही तोपर्यंत कुठल्या कारखान्याच्या मशीनमध्ये असलं काही बसलंय का हे आम्ही शोधायचं तरी कुठून? ज्यांनी ती झिप उघडली आणि काहीच झालं नाही म्हणून सोडून दिलं त्यांनी आज सगळ्यात आधी मशीन तपासून घ्यायला पाहिजे आणि मेलचे, बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदलायला पाहिजेत. सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर व्हायरस काढायची टूल्स फुकट आहेत. पैसे गेले असतील तर एक तासही न थांबता १९३० ला फोन करा, तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर टाका, आणि त्याआधी मशीन फॉरमॅट करू नका, स्क्रीनचा फोटो आणि तो मूळ मेल जपून ठेवा, नंतर पुरावा म्हणून लागतो.

आता त्या मुलीबद्दल. तुमचं परिपत्रक मालकांच्या टेबलावर पडल्यावर तिचा पगार कापला गेला. मालक वाईट माणूस नाही, पण संघटनेनंच लिहून दिलंय की चूक ऑपरेटरची, तर त्यांनी दुसरं काय करायचं? याचा परिणाम काय झाला ते ऐका. दुसऱ्या एका कारखान्यातल्या मुलीनं मला परवा हळूच विचारलं की मॅडम, समजा चुकून असली फाईल उघडली आणि कोणाला न सांगता मशीन बंद करून टाकलं तर चालेल का. तिला भीती व्हायरसची नाही, पगाराची आहे. लूमवर ताण्याचा धागा तुटला की लूम जागेवर थांबतो, विणकर गाठ मारतो आणि पुढं चालू करतो, धागा तुटला म्हणून कोणी त्याची मजुरी कापत नाही, कापली असती तर तुटका धागा तसाच दाबून चादर पुढं गेली असती. तुम्ही सगळे लूमवाले आहात, हे मी तुम्हाला सांगायला नको. ज्या मुलीनं फायलींची नावं बदलताना बघितल्याबरोबर फोन केला तिच्यामुळे दुसऱ्या खोलीतलं डिझाइनचं मशीन वाचलं, त्यावर जॅकार्डची सगळी डिझाइनं होती. तिचे आभार मानायला पाहिजे होते.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि बहुतेकांना पैसेही लागत नाहीत.

ते परिपत्रक मागे घ्या आणि नवीन काढा, त्यात स्पष्ट लिहा की संघटनेच्या आयडीवरून बाधित मेल गेले होते, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत गेले आणि ज्यांना गेले त्या प्रत्येकाला ऑफिसातून फोन करा, मेल नको, फोन.

यापुढे असं काही झालं तर त्याच दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवायचं हा ठराव करा. पूर्ण माहिती मिळेपर्यंत थांबायचं नाही, "संशय आहे, उघडू नका" इतकं पुरे.

झिप आणि मॅक्रोवाली एक्सेल पाठवणं बंद करा. स्टॉलची यादी म्हणजे काही पोथी नाही, ती मेलच्या मजकुरातच लिहिता येते, मोठी असेल तर संघटनेच्या साइटवर ठेवा. अँटीव्हायरस बंद करा असं सांगणारी प्रत्येक जुनी सूचना रद्द झाली म्हणून कळवा.

ऑफिसच्या आयडीला टू-स्टेप लावा, चौघांना चार वेगळे आयडी द्या, तो कागद मॉनिटरवरून काढा, मशीन अपडेट करा.

ऑपरेटर मुलामुलींसाठी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण ठेवा, मराठीत आणि तेलुगूतही, आणि रविवारी नको, कामाच्या वेळेत, पगारी. त्यात भाषण नको. फाईलचं शेपूट कसं बघायचं, संशय आला तर पाठवणाऱ्याला आपल्याकडच्या जुन्या नंबरवर फोन कसा करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर का नाही करायचा, वायर कुठली उपसायची, हे प्रत्येकीच्या हातानं करून घ्या. शिकवायला मी येते, मानधन नको. मालकांसाठीही एक तास ठेवा, बॅकअपचा, कारण हार्ड डिस्क विकत घेणं मुलींच्या हातात नसतं. दोन डिस्क आलटून पालटून, बॅकअप झाला की काढून कपाटात, आणि महिन्यातून एकदा त्यातून टॅलीची कंपनी खरंच उघडते का ते बघायचं.

आणि ज्या ज्या ऑपरेटरचा पगार या कारणानं कापलाय तो परत द्यावा अशी विनंती संघटनेच्या लेटरहेडवर सदस्यांना करा.

याचं उत्तर पुढच्या मासिक मीटिंगच्या आधी लेखी द्या, आणि पहिलं परिपत्रक ज्या ग्रुपवर टाकलं होतं त्याच ग्रुपवर टाका, म्हणजे ज्या मालकांनी ते वाचून पगार कापले त्यांच्यापर्यंत हेही पोचेल.

आपली,
एक अकाउंटंट, सोलापूर